बेल्टची सवय शाळेत आणि नव्या चालकांत कशी रुजवायची

सीट बेल्टने जीव वाचतो का, असं आठवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो हो म्हणेल. संध्याकाळी घरी जाताना मात्र तोच मुलगा मागच्या सीटवर बेल्टविना, पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं काढून गप्पा मारत बसलेला दिसेल. त्याला माहीत नाही असं नाही. घोळ होतो तो गाडीत बसल्यापासून गाडी हलेपर्यंतच्या आठ-दहा सेकंदांत. बकल सापडत नाही, दप्तर पाठीवर असतं, शेजारचा हसेल असं वाटतं, आणि तेवढ्यात गाडी निघालेली असते. त्यामुळे शाळेत, कॉलेजात किंवा ड्रायव्हिंग शिकवताना जे काही करायचं ते या दहा सेकंदांसाठी करा. भाषणं आणि पोस्टर नंतर.

ब्रिटनचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. तिथे 1970च्या दशकात बेल्टच्या जाहिराती सतत चालू होत्या, तरी पुढच्या सीटवर बसणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्केच लोक बेल्ट लावत. 31 जानेवारी 1983 पासून पुढच्या सीटवर बेल्ट बंधनकारक झाला आणि हे प्रमाण बघता बघता 90 टक्क्यांच्या वर गेलं. लोकांना एका रात्रीत काही नवीन कळलं नव्हतं, गाडी सुरू करण्याआधीचा क्रम तेवढा बदलला होता. शाळेला कायदा करता येत नाही. पण गाडी कधी हलणार याचा नियम ठरवता येतो, आणि तो पाळला जातोय का हे मोजताही येतं.

आधी गुपचूप मोजणी

कुठलाही कार्यक्रम जाहीर करण्याआधी मोजणी करा. जाहीर केल्यावर मोजलंत तर त्या आठवड्यापुरते सगळेच शहाणे होतात आणि सुरुवातीचा आकडा फुगतो.

मोजायला दोघांची जोडी लागते. एकाने गाडीत बघून बोलायचं, दुसऱ्याने कागदावर रेघा मारायच्या. एकटा माणूस खाली बघून लिहीपर्यंत पुढची गाडी निघून जाते. कागदावर तीन ओळी करा: चालक, चालकाशेजारचा, मागचे. प्रत्येक ओळीत चार रकाने: नीट लावलाय, चुकीचा लावलाय, लावलेला नाही, दिसलं नाही. यातला शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. मागच्या काचा काळ्या असल्या किंवा उन्हाची तिरीप आली की आत काही दिसत नाही. अशा जागा "लावलेला नाही"मध्ये टाकल्या तर मागच्या सीटचा आकडा उगाच पडतो. टक्केवारी काढताना "दिसलं नाही" पूर्ण वगळा. समजा 180 चालक दिसले आणि 126 जणांनी बेल्ट नीट लावला होता, तर 70 टक्के. मागे 90 जण दिसले आणि 18 जणांनी लावला होता, तर 20 टक्के. हे दोन्ही आकडे वेगवेगळेच ठेवा. एकत्र केले की 53 टक्के असा एक बिनकामाचा आकडा हाती येतो आणि मागच्या सीटची खरी अवस्था त्यात झाकली जाते.

उभं कुठे राहायचं हे फार महत्त्वाचं. फाटकावर उभं राहू नका. फाटक जवळ आलं की मुलं बेल्ट काढून, दप्तर उचलून तयारीत बसतात, म्हणजे वाटेत ज्याने बेल्ट लावला होता तोही तुमच्या कागदावर "लावलेला नाही"मध्ये जातो. फाटकाच्या अलीकडे, गाड्या वळणासाठी किंवा गतिरोधकासाठी हळू होतात अशी जागा शोधा. शाळा सुटतानाची मोजणी याच्या उलट करायची. गाडी फाटक सोडून थोडी पुढे गेल्यावर बघा, कारण काही जण चालत्या गाडीत बेल्ट लावतात. तो लावलेलाच धरायचा. मात्र असे किती दिसले ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

मोजणारी मुलं फुटपाथवर किंवा कुंपणाच्या आत उभी राहतील आणि सोबत एक मोठं माणूस असेल, याला अपवाद नको. गाडीचा नंबर टिपायचा नाही, फोटो काढायचा नाही, थांबवून कुणाला काही विचारायचं नाही. "अमक्याच्या बाबांनी बेल्ट लावला नव्हता" अशी चर्चा एकदा वर्गात सुरू झाली की पालक दारं बंद करतात आणि काम तिथेच संपतं.

किती मोजायचं? गाडीतल्या शंभर जागा बघून काढलेली टक्केवारी फार डळमळीत असते. शंभर-शंभरच्या दोन मोजण्यांत दहा-बारा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, आणि मग उपक्रमाला यश आलं म्हणून पेढे वाटले जातात. चारशेच्या आसपास जागा जमल्या तर सहा-सात टक्क्यांच्या पुढचा फरक बऱ्यापैकी खरा धरता येतो. दोन-तीन दिवस, सकाळ आणि दुपार मिळून एवढ्या जागा सहज होतात. भर पावसात मोजू नका, काचांवर वाफ धरलेली असते.

मग पार्किंगमध्ये जाऊन बकल शोधा

ही पायरी बहुतेक उपक्रमांत नसतेच, आणि मागच्या सीटचा आकडा तिच्यावाचून हलत नाही. मुलांना बेल्ट लावा म्हणून सांगितलं जातं, पण लावायला तो हाताशी कुठे असतो? सीटवर कव्हर चढवताना बकल कव्हरखाली दाबलं जातं. मागची सीट दुमडून पुन्हा सरळ केली की बकल फटीत घसरतं, कधी पट्टाच सीटच्या पाठीमागे अडकतो. मधल्या जागेचा बेल्ट काही गाड्यांत छतातून येतो आणि त्याला दोन ठिकाणी अडकवावं लागतं, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

मुलांना घरचा अभ्यास म्हणून एक कागद द्या. घरातल्या मोठ्यांसोबत, गाडी बंद असताना, प्रत्येक जागेसाठी त्यांनी हे तपासायचं:

पट्टा पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी बघायचा. कडा उसवलेल्या, कापलेल्या किंवा दारात चेंगरून कडक झालेल्या नकोत. पीळ पडलेला असेल तर तो वरच्या कडीपासून सोडवत खाली आणायचा. पिळलेला पट्टा अंगावर रुंद बसत नाही, सगळा दाब एका रेषेत येतो. मग पट्टा झटक्यात ओढायचा. तो जागच्या जागी अडकला पाहिजे. हळू ओढला तर सुटा आला पाहिजे. त्यानंतर क्लिप बकलमध्ये घालून "टक्" असा आवाज येतो का ते ऐकायचं आणि पट्टा जोरात खेचून बघायचा. लाल बटण एका बोटाने दाबल्यावर क्लिप लगेच बाहेर आली पाहिजे. शेवटी पट्टा सोडून द्यायचा आणि तो पूर्ण आत जातो का ते बघायचं.

क्लिप अर्धवट बसत असेल तर बकलमध्ये बहुधा खाऊचा चुरा, नाणं किंवा चिकट काहीतरी गेलेलं असतं. व्हॅक्यूम क्लीनरने ओढून बघा. आत तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत बकल आधीपेक्षा जास्त अडतं. पट्टा सुस्तपणे आत जात असेल तर कारण साधं असतं, घाम आणि धुळीने तो मेणचट झालेला असतो. पूर्ण बाहेर काढून चिमट्याने धरून ठेवा, सौम्य साबण आणि कोमट पाण्याने पुसा, सावलीत पुरता वाळू द्या, मगच आत सोडा. ब्लीच किंवा कडक रसायन लावलं तर धागे कमजोर होतात आणि वरून ते दिसतही नाही. एवढं करूनही बकल धरत नसेल, किंवा पट्टा झटक्याला अडकत नसेल, तर त्या जागेवर कुणी बसायचं नाही आणि गाडी वर्कशॉपला न्यायची. मोठ्या अपघातातून दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचे बेल्ट बदललेत का, हेही तिथेच विचारून घ्या. ताण सोसलेला पट्टा आणि एकदा उडालेला प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग) दुसऱ्यांदा कामाचे नसतात.

बीप बंद करण्यासाठी बकलमध्ये नुसती सुटी क्लिप खोचून ठेवलेली दिसली तर ती काढायला सांगा. बेल्ट पाठीमागून घेऊन अडकवणं हाही त्यातलाच प्रकार. बीपचा कंटाळा येतो हे मान्य, पण काही गाड्यांत एअरबॅग कधी उघडायची हे बकलमधल्या स्विचवरूनही ठरतं. रिकाम्या जागेवर क्लिप खोचली की गाडीला वाटतं माणूस बेल्ट लावून बसलाय.

अंगावर नीट बसलाय का

लावलेला बेल्ट आणि नीट लावलेला बेल्ट यांत बरंच अंतर आहे. म्हणून तर मोजणीत "चुकीचा" हा रकाना वेगळा ठेवायचा.

खालचा पट्टा पोटावर नको, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, कमरेच्या हाडांवर टेकलेला हवा. पोटात हाड नसतं. पट्टा तिथे असला तर धडकेचा सगळा जोर आतड्यांवर आणि मणक्यावर जातो. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, गळ्याच्या हाडावरून आणि छातीच्या मध्यातून खाली आला पाहिजे. मानेला घासतो म्हणून मुलं तो काखेखालून घेतात. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि भारीही पडते. खांदा मोकळा राहिल्यामुळे धड पुढे झुकत जातं आणि जोर खालच्या बरगड्यांवर येतो, ज्यांच्या आत यकृत आणि प्लीहा असतात.

काखेखालून पट्टा घेणाऱ्या मुलाला ओरडण्यात अर्थ नाही, बहुतेक वेळा बेल्ट त्याच्या उंचीचा नसतो. गाडीचे बेल्ट मोठ्यांच्या मापाचे असतात. अमेरिकेत साधारण 145 सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी जादा बैठक) वापरा असं सांगतात. युरोपात देशागणिक ही मर्यादा 135 किंवा 150 सेंटिमीटर आहे. उंची मोजण्यापेक्षा गाडीत बसवून बघणं जास्त खात्रीचं. पाठ सीटला पूर्ण टेकवून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का? पाय खाली टेकतात का? खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मधोमध येतो का? आणि सगळा प्रवास मूल असं बसू शकेल का? एकाचंही उत्तर नाही आलं तर बूस्टर हवा. पाचवी-सहावीतल्या मुलाला बूस्टर म्हणजे बाळाची खुर्ची वाटते आणि मित्रांसमोर त्याला लाज वाटते. पाठ नसलेला सपाट बूस्टर बाहेरून फारसा दिसत नाही, त्याला तो चालतो.

शाळकरी मुलांची आणखी एक खास गोष्ट म्हणजे दप्तर. ते पाठीवर ठेवूनच मूल बसलं तर ते सीटच्या निम्म्यावर येतं, पट्टा ढिला राहतो आणि पाठ हवेत. दप्तर आधी काढायचं, पायाशी किंवा डिकीत ठेवायचं, मग बसायचं. मांडीवर किंवा मागच्या फळीवर सुटं ठेवू नका. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात धडक झाली की सहा किलोचं दप्तर शंभर किलोहून जास्त जोराने पुढे येतं. थंडीत जाड जॅकेटची चेन उघडून पट्टा आतून घ्यायचा, नाहीतर पट्ट्याची ढील जॅकेटमध्ये दडून बसते. आणि सीट मागे पाडून मोबाइल बघत लोळत बसलेल्याला, बेल्ट लावलेला असला तरी, सरळ बसायला लावा. लोळलेलं शरीर खालच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटात शिरतो.

एका बेल्टमध्ये दोघांनी बसू नये. धडकेत त्यांची डोकीच एकमेकांवर आपटतात.

वर्गात काय दाखवायचं

रक्ताळलेले फोटो नकोत. पंधरा-सोळाच्या वयात असे फोटो बघून काही जण हसतात, काही मान फिरवतात, आणि "आपल्याला काही होत नाही" असं म्हणून दोघेही मोकळे होतात. त्याऐवजी हात लावता येईल असं काहीतरी द्या.

एक मीटर लांब गुळगुळीत फळी, एक खेळण्यातली उघडी गाडी, मॉडेलिंगची मऊ माती, शिवणाचा दोरा आणि दोन सेंटिमीटर रुंद रिबीन, एवढं साहित्य पुरतं. फळीचं एक टोक 30 सेंटिमीटर उचला आणि खालच्या टोकाला वीट आडवी ठेवा. शंभर ग्रॅम मातीचा बसका माणूस करून गाडीत ठेवा आणि गाडी सोडा. बेल्ट नसलेला माणूस उडून विटेपलीकडे पडतो. मग दोऱ्याने बांधा. आता तो जागेवर राहतो, पण दोरा मातीत खोल रुततो, माती फार मऊ असेल तर आरपार जातो. तिसऱ्या वेळी रिबीन. तिचा नुसता उथळ ठसा उमटतो. पट्टा का पिळू द्यायचा नाही आणि तो हाडांवर का हवा, हे मुलांना त्या ठशाकडे बघूनच कळतं. शेवटी दोन माणसं ठेवा, पुढच्याला रिबीन बांधलेली, मागचा सुटा. पुढच्याच्या पाठीचं काय होतं ते मुलांनाच तपासू द्या.

हा शेवटचा प्रयोग का महत्त्वाचा? 2002 साली "द लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा एक अभ्यास आला होता. मागे बेल्ट न लावलेला माणूस असेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसलं. तरुणांना स्वतःच्या जिवाची भीती घालून जे होत नाही ते "तुझ्यामुळे पुढे बसलेली आई मरू शकते" याने होतं.

मोठ्या वर्गांना गणित सोडवायला द्या. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. या वेगातली धडक म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने जवळपास 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी 30 म्हणजे साडेतीन मीटर. 60 किलोच्या माणसाला 50च्या वेगातून अर्ध्या मीटरमध्ये थांबवायला सरासरी सुमारे 1,200 किलो वजनाइतका जोर लागतो, तोही सेकंदाच्या चौदाव्या भागात. हा आकडा मुलांनी स्वतः काढला की "मी हाताने धरून ठेवेन"ला उत्तर द्यावं लागत नाही.

बाकी सबबींना उत्तरं छोटी ठेवा. "एअरबॅग आहे ना": एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्टविना माणूस ती उघडत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो. "गाडी पेटली तर अडकेन": आग किंवा पाणी फार थोड्या अपघातांत असतं, आणि तेव्हाही बाहेर पडायला शुद्धीवर असावं लागतं. "बाहेर फेकलो गेलो तर वाचेन": गाडीबाहेर फेकल्या गेलेल्यांच्या मृत्यूचं प्रमाण आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. "मागे काही होत नाही": जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेल्टमुळे पुढच्या सीटवर मृत्यूचा धोका 45 ते 50 टक्क्यांनी घटतो आणि मागच्या सीटवर मृत्यू व गंभीर दुखापतीचा धोका 25 टक्क्यांनी. मागचा आकडा लहान आहे हे लपवू नका. मुलं आकडे शोधून काढतात, आणि एकदा फुगवलेला आकडा सापडला की बाकीचंही त्यांना खोटं वाटू लागतं.

बेल्टची रिले

अमेरिकेतल्या शाळांत ही स्पर्धा खेळतात आणि ती खरंच चालते, कारण हात आपोआप बकलकडे जाईपर्यंत मुलं सराव करतात. चार दारांची गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, चावी शिक्षकांच्या खिशात, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. चौघांची टोळी चार जागांवर बसते, शिट्टी वाजली की बेल्ट लावते, परीक्षक तपासून हात वर करतो, मग बेल्ट काढून सगळे उतरतात आणि एकेक जागा पुढे सरकतात. प्रत्येक जण चारही जागांवर बसून झाला की घड्याळ थांबवायचं.

चुकीला दंड ठेवल्याशिवाय ही स्पर्धा घेऊ नका. पिळलेला पट्टा, काखेखालचा पट्टा, पोटावर आलेला खालचा भाग, प्रत्येकाला पाच सेकंद. नाहीतर वेगाच्या नादात मुलं चुकीचा बेल्ट झटपट लावायला शिकतात. बोटं दारात चेंगरतात, म्हणून दारं उघडीच ठेवा. आणि पट्टा सोडताना हाताने नेऊन ठेवायचा, कारण सुटलेली क्लिप काचेवर किंवा शेजाऱ्याच्या तोंडावर बसते.

नवे चालक

1959 साली व्होल्वोतले इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी आजचा तीन बिंदूंचा बेल्ट आणला तेव्हा तो एका हाताने लावता आला पाहिजे ही त्यांची एक अट होती. लावायला दोन सेकंद लागतात. तरी नवा चालक विसरतो, कारण त्याच्या डोक्यात क्लच, आरसे आणि शेजारी बसलेली मित्रमंडळी असतात. म्हणून क्रम पक्का करून टाका: दार बंद, सीट पुढे-मागे, हेडरेस्ट, आरसे, बेल्ट, आणि मगच चावी. सीट लावण्याआधी बेल्ट लावला तर सीट सरकवल्यावर तो ढिला पडतो किंवा नीट बसत नाही. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर राहील असं बसवा.

शिकवणाऱ्यांची एक सवय मोडायला हवी. दर वेळी "बेल्ट लाव" असं सांगितलं की मुलगा बेल्ट लावतो, पण सवय लागते ती ऐकण्याची. परवाना मिळाल्यावर सांगणारा शेजारी नसतो आणि बेल्टही नसतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सांगा. नंतर फक्त "तयार?" विचारा. पुढे तेही नको, गप्प बसून राहा. चावीकडे हात गेला आणि बेल्ट नसेल तर चावीवर हात ठेवा, काही बोलू नका. शिकवणी संपेपर्यंत शांत शेजाऱ्यासोबतही तो चुकत नसेल तर सवय लागली असं समजायचं.

गाडीत मित्र असले की दुसरं कौशल्य लागतं, बाकीच्यांना सांगण्याचं. इथे कारणं देत बसलं की वाद होतो. वाक्य छोटं आणि स्वतःवर घेतलेलं असू द्या: "बेल्ट लाव रे, मग निघू." एवढं बोलून गाडी बंद ठेवायची आणि आरशात बघत राहायचं. "अरे जवळच तर जायचंय" याला उत्तर "हो, लाव ना मग." तिसऱ्यांदा सांगावं लागलं तर "माझी गाडी अशी निघत नाही" एवढंच. वर्गात जोड्या करून हे खरंच बोलून घ्या, पहिल्यांदा सगळे लाजतात. मागे बसणाऱ्या लहान मुलांसाठीही एक वाक्य हवं, कारण गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला थांब म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो: "काका, एक मिनिट, बेल्ट लावतोय." यावर कुणी चिडत नाही.

जितके बेल्ट तितकीच माणसं, हा नियम सहलीच्या किंवा पार्टीच्या रात्री मोडतो, तेव्हाच ठरवून चालत नाही. दुसरी गाडी, बस किंवा दोन फेऱ्या, काय करायचं ते दुपारीच ठरलेलं हवं.

फलकावर काय लिहायचं, बक्षीस द्यायचं का

"आपल्या शाळेत मागच्या सीटवर 80 टक्के मुलं बेल्ट लावत नाहीत!" असा फलक लावायचा मोह होतो. लावू नका. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की कुणीच लावत नाही, म्हणजे मी वेगळा नाही. जो आकडा मोठा आहे तो लिहा: "शंभरातले 70 चालक बेल्ट लावूनच येतात." मागच्या सीटसाठी वाढ लिहा: "गेल्या महिन्यात 20, या महिन्यात 31." वर्गात आधी विचारून घ्या, तुमच्या मते किती जण लावत असतील? अंदाज खऱ्या आकड्याच्या खाली आला तर ते दोन आकडे शेजारी शेजारी लावा, मुलांना त्याचं नवल वाटतं.

बक्षीस लहान, लगेच आणि अनपेक्षित असावं. फाटकात गाडी थांबल्यावर सगळे बेल्टमध्ये असतील तर एक पेन्सिल किंवा स्टिकर, तेही रोज नाही. रोज दिलं की ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी बेल्टही सुटतो. शिक्षा मात्र मुलाला करू नका. गाडी कधी हलवायची हे मोठ्यांच्या हातात असतं. पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत म्हणूनच एकच विनंती असू द्या: सगळे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि हे तुमच्यापासून सुरू होईल. पालक स्वतः लावत नसतील तर मूल शाळेतून काहीही शिकून आलं तरी महिनाभरात विसरतं.

दुसरी मोजणी उपक्रम संपल्यावर आठवड्याने करा, तीच जागा, तीच वेळ, जमलं तर तेच मोजणारे. तिसरी तीन महिन्यांनी, पुन्हा न सांगता. तिसरीत आकडा थोडा खाली येतोच. किती आला आणि कुठल्या ओळीत, ते बघा. चालकांचा टिकला पण मागचा घसरला असेल तर पुन्हा बकल तपासण्याचा कागद घरी पाठवा, एव्हाना सीट कव्हर धुऊन परत चढलेली असतात. "चुकीचा"चा रकाना वाढला असेल तर उंचीचा प्रश्न आहे, मुलांना गाडीत बसवून बघा. आणि दुपारी सुटतानाचाच आकडा पडला असेल तर कडेला टिपलेल्या "चालत्या गाडीत लावला"च्या रेघा मोजा. त्या वाढल्या असतील तर फाटकावर गाड्यांची घाई होतेय. दोन गाड्यांपुरती जागा मोकळी करून द्या, म्हणजे मागून हॉर्न न वाजता प्रत्येक गाडीला दहा सेकंद उभं राहता येईल.